लाव्ह्याच्या पठारावर कॅमेरा

मॉरिशसच्या किनाऱ्यावर उतरलेला मराठी पर्यटक पहिल्या तासातच मोबाइल बाहेर काढतो. समोर निळे पाणी, पांढरी वाळू आणि त्यातून मधूनच डोके वर काढणारे काळेभोर खडक. त्या खडकांवर बसून काढलेले फोटो पुढे महिनाभर नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत राहतात. हाच पर्यटक परभणी जिल्ह्यातला असेल, तर त्याच जातीचे दगड त्याच्या शेताच्या धुऱ्यावर आजोबा-पणजोबांनी वेचून रचून ठेवलेले असतात. त्यांच्याकडे मात्र कुणी कधी कॅमेरा वळवलेला नसतो. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे निम्म्या थट्टेत आणि निम्म्या अभिमानात म्हणणाऱ्या या जिल्ह्याला आपल्या जमिनीचा फोटो काढावा, असे फारसे वाटलेलेच नाही. फोटो काढायचा तर कोकणात जावे, महाबळेश्वरला जावे, गेला बाजार वेरूळला जावे. इथे काय आहे? सपाट रान आणि काळी माती.

पण ही काळी माती आली कुठून, याचे उत्तर थेट मॉरिशसपाशी आणि त्याच्या शेजारच्या रियुनियन बेटापाशी जाऊन पोहोचते.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आजच्या जागी नव्हता. तो हिंदी महासागरात बराच दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. त्या प्रवासात तो पृथ्वीच्या पोटातल्या एका अतिउष्ण जागेवरून गेला. बहुतेक भूवैज्ञानिकांच्या मते आज रियुनियन बेटाखाली जो तप्त स्रोत आहे, तोच हा. जमिनीला लांबलचक भेगा पडल्या आणि लाव्हा एकापाठोपाठ एक थरांनी पसरत गेला. शंकूच्या आकाराचा एखादा डोंगर फुटावा तसे हे नव्हते. लाव्हा पातळ होता, म्हणून तो दूरदूर वाहिला आणि थिजला. दख्खनचे पठार तयार झाले ते असे. आज उरलेला त्याचा विस्तार सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरतो. पश्चिम घाटाकडे या थरांची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास आहे आणि पूर्वेकडे ती कमी होत जाते. परभणी जिल्हा जवळजवळ सगळाच या थिजलेल्या लाव्ह्यावर वसला आहे.

भारत पुढे निघून गेला, तप्त स्रोत मागेच राहिला. त्याने नंतर लक्षद्वीप, मालदीव आणि चागोसखालचा समुद्रातला कणा घडवला. ८०-९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस पाण्याबाहेर आले आणि त्याच्याही नंतर रियुनियन. रियुनियनवरचा पितॉ द ला फुर्नेज हा २,६३२ मीटर उंचीचा ज्वालामुखी आजही जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक आहे. जगभरचे छायाचित्रकार त्याचा वाहता लाव्हा टिपायला जातात. भूगर्भाच्या हिशेबाने पाहिले तर ते परभणीच्या लहान भावंडाचे फोटो काढत असतात.

ही सोयरीक दोन्हीकडच्या शेतातही दिसते. मॉरिशसमध्ये १८३४ नंतर जे गिरमिटिया मजूर नेले गेले, त्यांत रत्नागिरी आणि सावंतवाडीकडचे मराठी लोकही होते. उसाची शेते तयार करताना जमिनीतून निघालेले बेसाल्टचे धोंडे तिथे शेताच्या मधोमध मोठमोठ्या राशी करून रचलेले आहेत. हिरव्या उसात उभ्या असलेल्या या काळ्या राशी हा तिथल्या भूदृश्य छायाचित्रकारांचा आवडता विषय आहे. परभणीच्या माळरानावरही शेतकऱ्याने हेच केले. फक्त राशी धुऱ्यावर घातल्या. मॉरिशसमधल्या शामारेलची 'सात रंगांची माती' पाहायला पर्यटक तिकीट काढून जातात. ती बेसाल्ट झिजून, त्यातले लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहून तयार झालेली माती आहे. मराठवाड्यात विहीर खोदताना दोन थरांच्या मध्ये तांबड्या गेरूचा पट्टा लागतो, त्यामागेही अशीच झीज आहे. एक लाव्हा थिजून पुढचा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात वरचा पृष्ठभाग उन्हापावसाने कुजून लाल झाला. मग त्यावर नवा लाव्हा पसरला.

भूगोल एवढा समजला, की परभणीच्या सपाटीचा फोटो कसा काढायचा हे ठरवता येते. ज्वालामुखीच्या बेटावर शिखर, कडा, धबधबा आणि समुद्र हे आयते मिळतात. इथे त्यांतले काहीच नाही. इथे आहे ती माती, दगड, पाणी, पीक आणि आभाळ. यांतले एकेक कोणत्या महिन्यात, कोणत्या प्रकाशात आणि कुठे उभे राहून पाहायचे, यावर सगळा खेळ आहे.

आधी माती. बेसाल्ट झिजून तयार झालेल्या भारी काळ्या मातीत फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मेमध्ये शेतकरी म्हणतो, जमीन उललीय. या भेगा काही ठिकाणी मीटरभरापेक्षाही खोल जातात आणि त्यात अख्खा हात सहज जातो. भरदुपारी त्यांचा फोटो काढला तर सपाट राखी रंगावर काही रेघा दिसतात, बाकी काही नाही. सकाळी सूर्य क्षितिजापासून हातभर वर असताना कॅमेरा जमिनीलगत धरला, तर प्रत्येक ढेकळाला उजेडाची एक बाजू आणि सावलीची एक बाजू मिळते, आणि ही नक्षी क्षितिजापर्यंत जाते. नांगरट झालेले रानही असेच. नांगराच्या तासांच्या रेषेत उभे राहायचे की त्यांना आडवे, एवढ्याने चित्र पार बदलते.

काळी माती कॅमेऱ्याला फसवते. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरी करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. समोर सगळी काळी जमीन असली, की तो जास्त प्रकाश आत घेतो आणि माती राखेच्या रंगाची होते. आभाळ पांढरेफटक पडते ते वेगळेच. यावर उपाय साधा आहे. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप खाली आणावे. मोबाइलवर मातीवर बोट टेकवून उजेडाची पट्टी खाली ओढली तरी चालते. कापसाच्या बाबतीत नेमके उलटे होते. दिवाळीच्या सुमारास मानवत, सेलू, पाथरीकडे कापूस फुटतो, तेव्हा बोंडांनी भरलेले शेत कॅमेऱ्याला फार उजळ वाटते आणि तो फोटो अंधारा काढतो. तिथे एक्स्पोजर थोडे वर न्यावे लागते. काळी माती आणि पांढरा कापूस एकाच चौकटीत घ्यायचे असतील, तर रॉ स्वरूपात फोटो काढून नंतर सावल्या आणि उजेड सावरणे उत्तम.

पिकांचे रंग महिन्यामहिन्याने बदलतात, आणि या जिल्ह्यात त्यांना एक मोठे घर आहे. १८ मे १९७२ रोजी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ साली त्याला वसंतराव नाईक यांचे नाव मिळाले. 'परभणी मोती' ही रब्बी ज्वारी आणि 'परभणी कुसुम' ही करडई याच विद्यापीठाची. जानेवारीच्या शेवटी ज्वारी निसवून टपोरी कणसे धरते, तेव्हा शिवार फिकट हिरवे-पांढरे दिसते. करडई मात्र छायाचित्रकाराला खास साधते. तिची फुले आधी पिवळी असतात, मग केशरी-तांबूस होतात आणि काळ्या मातीवर हा रंग फार खुलतो. करडईला काटे असतात, त्यामुळे शेतात आत शिरून फोटो काढणाऱ्याने फुल पँट आणि बंद बूट घातलेले बरे. त्यातही पिकात पाय घालण्याआधी आखाड्यावर कोणी असेल तर त्याला विचारावे. परभणीकडे शेतातल्या घराला आखाडा म्हणतात. पत्र्याचे छप्पर, बाजूला गोठा, एखादे लिंबाचे झाड आणि चारी बाजूंना मोकळे रान अशी ही वस्ती सपाट दृश्यात नजरेला टेकायला जागा देते. सपाट भूमीचे फोटो पोकळ दिसतात ते बहुतेक वेळा असा टेकू नसल्यामुळे.

लेन्सचे गणितही इथे उलटे असते. डोंगराळ मुलखात छायाचित्रकार रुंद कोनाची लेन्स लावतो. सपाट रानात तीच लेन्स लावली, की समोरचे झाड लांब जाते, पिके बारीक होतात आणि अर्धी चौकट रिकामी राहते. त्यापेक्षा ७० ते २०० मिलिमीटरची लेन्स घेऊन जवळचा धुरा, मधले ज्वारीचे शेत, पलीकडची बाभळीची रांग आणि मागची एखादी टेकडी हे थर एकमेकांवर चढवावेत. उंचीचा एखादा कोपरा मिळाला तर फारच छान. कालव्याचा भराव किंवा रस्त्याचा पूलही पुरतो. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे जाळे पाथरी, मानवत, परभणीच्या शिवारात पसरलेले आहे, आणि त्या भरावावरून शेती चौकोनाचौकोनांनी उलगडलेली दिसते. रुंद लेन्स राखून ठेवावी ती आभाळासाठी.

आभाळ ही परभणीची मोठी मालमत्ता आहे. क्षितिज अडवायला डोंगर नाही आणि उंच इमारतीही मोजक्याच. जूनच्या पहिल्या आठवड्यांत आणि पुन्हा परतीच्या पावसात, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये, दुपारनंतर ढगांचे मनोरे चढतात. सपाट रानात उभ्या माणसाला असा ढग पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकसंध दिसतो. ज्वालामुखी बेटांवर ही गंमत सहसा मिळत नाही, कारण तिथे डोंगरच ढगांना अडवतात आणि ढग माथ्याला चिकटून बसतात. अशा वेळी क्षितिजरेषा चौकटीच्या खालच्या पाव भागात ठेवावी आणि बाकी सगळे आभाळाला द्यावे. विजांचा फोटो मात्र झाडाखाली किंवा उघड्या रानात उभे राहून काढू नये. मराठवाड्यात दरवर्षी वीज पडून माणसे आणि जनावरे दगावतात. पक्क्या घराच्या आतून किंवा बंद गाडीतून जेवढे मिळेल तेवढेच टिपावे.

परभणी साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे पूर्णपणे उष्ण कटिबंधात येते. याचे दोन परिणाम छायाचित्रकाराने ध्यानात ठेवावेत. पहिला म्हणजे इथे सूर्य तिरपा न होता बराचसा सरळ खाली जातो. युरोपातल्या पुस्तकांत वर्णन केलेली तासन्‌तास रेंगाळणारी संध्याकाळ इथे नाही. सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांत उजेड संपतो. म्हणून जागा आधी हेरून ठेवावी आणि तिवई सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी लावून बसावे. दुसरा परिणाम मे महिन्याच्या मध्यावर दिसतो. त्या सुमारास एका दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. जुलैच्या उत्तरार्धात हे पुन्हा घडते, पण तेव्हा बहुधा ढग असतात. एरवी दुपारचा प्रकाश टाळावा असे सगळेच सांगतात. त्या एका दिवशी मात्र चारठाण्याच्या दगडी स्तंभाची नाहीशी होणारी सावली टिपायचा प्रयत्न करून पाहण्यासारखा आहे.

चारठाणा जिंतूर तालुक्यात, जिंतूर-जालना रस्त्यावर आहे. यादवकालीन मंदिरे, गावात जागोजागी विखुरलेली शिल्पे, पायऱ्यांची पुष्करणी आणि एक उंच कोरीव स्तंभ असा तिथला ऐवज आहे. हे सगळे बेसाल्टचे, म्हणजे लाव्ह्याचेच दुसरे रूप. बेसाल्टवरचे कोरीव काम टिपणे वाटते तितके सोपे नाही. दगड काळा, त्यात बारीक छिद्रे, त्यावर शेवाळ आणि कधी तेल-शेंदूर. समोरून प्रकाश पडला की नक्षी चपटी दिसते. बाजूने, भिंतीला घासून जाणारा सकाळचा किंवा सायंकाळचा प्रकाश आला, की प्रत्येक पाकळी आणि दागिन्याची कड वेगळी उठते. पावसाळ्यात दगड ओला असताना रंग गडद होतो. तेव्हा पोलरायझर फिल्टर फिरवून पाण्याची चकाकी कमी केली, तर दगडाचा खरा निळसर-काळा रंग मिळतो.

सेलू तालुक्यातील वालूरची बारव ही तर वरून पाहायची गोष्ट. तिच्या पायऱ्या चक्राकार उतरत जातात. महाराष्ट्रात बारवा पुष्कळ आहेत, पण अशी रचना दुर्मीळ. गावकऱ्यांनी गाळ आणि झाडझाडोरा काढून ती मोकळी केल्यानंतर तिचे फोटो सगळीकडे पोहोचले. काठावरून सरळ खाली कॅमेरा धरून काढलेल्या चित्रात वर्तुळात वर्तुळे दिसतात आणि मध्ये आभाळाचे प्रतिबिंब. हा फोटो भरदुपारी न काढता ढगाळ दिवशी काढावा. उन्हात अर्धी बारव काळी आणि अर्धी पांढरी होते. ढग असले की सगळ्या पायऱ्या सारख्या उजळतात. काठ निसरडा असतो, हेही विसरू नये. परभणीजवळच्या पिंगळीतही जुनी बारव आहे. या बारवा छायाचित्रकाराला आणखी एक गोष्ट दाखवतात. लाव्ह्याच्या थरांत पाणी कुठे साठते, हे जुन्या कारागिरांना नीट ठाऊक होते. कठीण काळा पाषाण पाणी धरत नाही. वायूच्या पोकळ्या असलेला, त्या पोकळ्यांत पांढरी खनिजे भरलेला मांजऱ्या खडक आणि थरांमधल्या फटी पाणी देतात. विहिरीच्या कडेचा आडवा छेद पाहिला तर वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग हे खडक क्रमाने दिसतात. नव्या खोदलेल्या विहिरीचा हा छेद, मालकाच्या परवानगीने आणि काठापासून सुरक्षित अंतरावरून टिपला, तर जिल्ह्याचा साडेसहा कोटी वर्षांचा इतिहास एका चौकटीत बसतो.

मुरमाच्या खाणीत किंवा रस्त्यासाठी फोडलेल्या टेकाडात एक आणखी चित्र मिळते. बेसाल्टच्या गोल गोट्यांचे थर कांद्याच्या पाकळ्यांसारखे सुटत असतात. भेगांतून शिरलेले पाणी खडकाचे कोपरे आधी कुजवते, म्हणून चौकोनी तुकडा हळूहळू गोल होत जातो. मॉरिशसच्या पर्यटनपत्रकांत शोभेल असा हा आकार जिंतूर आणि गंगाखेडच्या रस्त्यांच्या कडेला बिनबोभाट पडलेला असतो.

जिल्हा सपाट असला तरी त्याला दोन कडा आहेत. उत्तरेला जिंतूर तालुक्यात अजिंठ्याच्या रांगेचे फाटे उतरतात आणि दक्षिणेला गंगाखेड, पालमकडे बालाघाटच्या टेकड्या येतात. या टेकड्यांचे माथे बहुतेक सपाट, बाजू पायऱ्यांसारख्या. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एक थर. जिंतूरजवळ नेमगिरी आणि चंद्रगिरी या जोडटेकड्या आहेत. नेमगिरीत दगडात कोरलेली जैन लेणी असून अगदी छोट्या आधारावर तोललेली पार्श्वनाथांची मूर्ती पाहायला दूरदूरचे भाविक येतात. मूर्तींचे फोटो काढण्याबाबत देवस्थानचा जो नियम असेल तो पाळावा. टेकडीवरून दिसणारे रान मात्र सगळ्यांना खुले आहे. पावसाळ्यानंतर, सप्टेंबरच्या अखेरीस, माथ्यावरचे गवत पिकायला लागते. तेव्हा सकाळी खाली हिरवे सोयाबीन आणि वर सोनेरी गवत असे दोन पट्टे एकाच चौकटीत येतात.

पाण्याच्या फोटोसाठी दोन नद्या पुरतात. जिंतूर तालुक्यातच पूर्णेवर येलदरीचे धरण आहे. त्याच्या जलाशयाचा काठ डोंगरांच्या खाचांतून वाकडातिकडा फिरतो, त्यामुळे समुद्रातल्या बेटांसारखे भूशिराचे तुकडे पाण्यात घुसलेले दिसतात. ज्वालामुखीच्या बेटाचा आभास हवा असेल, तर परभणी जिल्ह्यात तो इथेच सापडतो. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की काठावर पाण्याच्या जुन्या पातळ्यांच्या रेषा उमटतात. हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येतात. धरणाची भिंत आणि विद्युतगृहाचा परिसर मात्र प्रतिबंधित असतो; तिथे जलसंपदा विभागाच्या परवानगीशिवाय कॅमेरा काढू नये.

गोदावरी वेगळ्या स्वभावाची. पाथरीपासून पालमपर्यंत ती ढालेगाव, तारूगव्हाण, मुदगल, डिग्रस अशा बंधाऱ्यांनी अडवली आहे. त्यामुळे काही ठिकाणी तिचे पात्र वर्षभर तुडुंब असते आणि बंधाऱ्याच्या खाली खडक उघडे पडतात. मुदगल येथे मुद्गलेश्वराचे मंदिर थेट पात्रात आहे. मोठा पूर आला, की ते पाण्याने वेढले जाते आणि काठावरच्या माणसाला फक्त वरचा भाग दिसतो. गंगाखेडला संत जनाबाईंचे मंदिर आहे आणि घाटावर पहाटे वर्दळ असते. हिवाळ्यातल्या सकाळी नदीवर धुक्याचा थर असतो, तो सूर्य वर आला की तासाभरात विरतो. याच तालुक्यात धारासूरला गोदाकाठी गुप्तेश्वराचे मंदिर आहे. त्याच्या बाह्यभिंतीवरच्या सुरसुंदरींसाठी ते ओळखले जाते. जीर्णोद्धाराचे काम चालू असेल तेव्हा जवळ जाता येते की नाही, हे गावात विचारून घ्यावे. पूर्णा तालुक्यात कंठेश्वरजवळ पूर्णा गोदावरीला मिळते. पावसाळ्यात दोन नद्यांच्या पाण्याचा रंग पुष्कळदा वेगळा असतो. अशा वेळी वरून पाहता आले तर चित्र मिळतेच.

वरून म्हणजे अर्थातच ड्रोनने. सपाट मुलखासाठी ड्रोन हे वरदान आहे, पण त्याचे नियम आहेत. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार उड्डाणाआधी 'डिजिटल स्काय'च्या नकाशावर ती जागा हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात येते, हे पाहावे लागते. हिरव्या क्षेत्रातही उंचीची मर्यादा १२० मीटर आहे. यात्रा, मिरवणूक आणि गर्दीवर ड्रोन उडवणे धोक्याचे, आणि धरणांवर तर नकोच. शेतकऱ्याच्या रानावर उडवण्याआधी त्याला सांगावे, कारण आवाजाने बैल बिथरतात.

थंडीचा उल्लेख केल्याशिवाय परभणीचा हिवाळा पुरा होत नाही. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या आसपास जाणारा हा जिल्हा डिसेंबर-जानेवारीत कधी कधी पाच अंशांच्याही खाली येतो. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला आकडा मग दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येतो. अशा पहाटे कालव्याच्या आणि ऊसपट्ट्याच्या शिवारात धुके जमिनीलगत बसते. त्यातून बाभळीचे शेंडे आणि विजेचे खांब तेवढे वर दिसतात. कॅमेरा थंडीतून एकदम गरम खोलीत नेला, की लेन्सवर बाष्प धरते. त्यासाठी तो पिशवीतच काही वेळ राहू द्यावा आणि मग काढावा. बॅटरीही थंडीत लवकर उतरते. जास्तीची बॅटरी खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी.

उन्हाळ्याच्या रात्री मात्र सर्वांत श्रीमंत. मार्च ते मेच्या अमावास्येच्या आसपास, पहाटेपूर्वी वृश्चिक आणि धनू राशींच्या बाजूने आकाशगंगेचा दाट पट्टा चढतो. शहराच्या दिव्यांपासून दूर, जिंतूरच्या टेकड्यांत किंवा सोनपेठ-पालमच्या माळावर तो साध्या डोळ्यांनीही दिसतो. कॅमेऱ्यासाठी रुंद लेन्स, एफ २.८ किंवा त्याहून मोठे छिद्र, आयएसओ ३२०० आणि २० सेकंदांच्या आसपास एक्स्पोजर ही सुरुवात पुरेशी आहे. वेळ ठरवायचा जुना ठोकताळा असा: फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५०० या आकड्याला लेन्सच्या मिलिमीटरने भागावे, तेवढ्या सेकंदांपर्यंत तारे ठिपक्यांसारखे राहतात. पुढे एखादा आखाडा किंवा निष्पर्ण झाड असले, की आभाळाला जमीन मिळते. रात्री दगडांत आणि भेगांत विंचू-सापांचा धोका असतो, म्हणून विजेरी आणि बूट हवेतच.

या मुलखाची छायाचित्रणाची परंपराही विसरण्यासारखी नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काचेच्या प्लेटांवर, अवजड तिवया बैलगाड्यांतून नेत दख्खनच्या वास्तूंचे आणि दरबारी जगाचे फोटो काढले. त्यांच्या काळात कॅमेरा राजेरजवाड्यांभोवती फिरला. नांगरटीचे रान, बारव, आखाडा यांच्याकडे तो फारसा वळला नाही. आज हे काम करायला परभणीतल्या कुठल्याही तरुणाच्या खिशातला मोबाइलही पुरतो.

आणि हे काम तातडीचे आहे. रुंद होणाऱ्या रस्त्यांसाठी जुनी झाडे जात आहेत. मुरमासाठी टेकाडे कापली जात आहेत. वापरात नसलेल्या विहिरी बुजवल्या जात आहेत. ज्वारीचे क्षेत्र घटून सोयाबीन वाढले आहे, त्यामुळे दिवाळीनंतरच्या शिवाराचा रंगच बदलला आहे. पन्नास वर्षांपूर्वीचे परभणीचे रान कसे दिसत होते, हे सांगणारे फोटो शोधू गेले तर लग्नसमारंभांच्या अल्बममध्ये मागे कुठेतरी दिसणारे रानच हाती लागते.

ज्यांच्याकडे दोनच दिवस आहेत, त्यांनी डिसेंबर-जानेवारी निवडावा. पहिल्या दिवशी पहाटे परभणीहून निघून जिंतूरमार्गे चारठाणा, नेमगिरी आणि संध्याकाळी येलदरी करावे. दुसऱ्या दिवशी सकाळी वालूरची बारव आणि तिथून वाटेतले कापूस-ज्वारीचे शिवार पाहत संध्याकाळी गंगाखेडचा गोदाकाठ गाठावा. मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावर असल्याने मुंबईहून देवगिरी एक्सप्रेसने परभणीत उतरता येते. पुढे मात्र स्वतःची दुचाकी किंवा भाड्याची गाडी घ्यावी, कारण एसटीच्या वेळा सूर्योदय-सूर्यास्त पाहून ठरत नाहीत.

जिल्ह्यातल्या रहिवाशांना दोन दिवसांची घाई नाही. त्यांनी आपल्याच शेताचा एक कोपरा निवडावा, तिथे एक खुंटी ठोकावी आणि त्याच जागेवरून, त्याच दिशेने महिन्यातून एक फोटो काढावा. फोटोखाली गावाचे नाव, शिवार आणि तारीख लिहून तो जपून ठेवावा. मॉरिशसच्या खडकांचे फोटो काढणारे जगभर आहेत. वालूर, धारासूर आणि मुदगलच्या शिवाराचे फोटो परभणीकरांनीच काढले पाहिजेत.